पाण्याची जामीन

तळवाड, चैत्र वद्य तृतीया, शके १८६६

अण्णाला नीलीचे शरणार्थ.

तुझं काम झालं. येत्या सोमवारी आमच्या गावच्या गाड्या दगड भरून सोनकेरीकडे निघतील आणि घरटी एक माणूस चुन्याच्या घाण्यावर राबायला येईल. तू पैज लावली होतीस ना, "नीले, तुझ्या गावचे लोक जागचे हलायचे न्हाईत" म्हणून? आता त्यांना भाकरी पुरव म्हणजे झालं. चन्नव्वा वहिनीला आत्ताच सांगून ठेव, आमची माणसं खायला कमी नाहीत.

पण हे सहज झालं असं समजू नकोस. चावडीत किशनराव पाटलांनी तुझा निरोप सगळ्यांना सांगितला. ओढ्यावर मातीचा बांध दरसाल घालायचा नि दरसाल फोडायचा, त्यापेक्षा एकदाच दगड-चुन्याची भिंत घालू, तळाशी मोरी ठेवू, मोरीला लाकडी दट्ट्या. मार्गशीर्षात वेळ अमावस्येला बांध फोडण्याऐवजी दट्ट्या काढायचा, की पाणी तळवाडला. ऐकायला गोड होतं. पण धोंडप्पा पानमळेवाला उठून म्हणाला, "मातीचा बांध टिकावानं फुटतोय. दगडाचा कशानं फोडावं?" मग सगळ्यांच्या माना बायकांच्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे वळल्या.

पाटील म्हणाले, "मोरी कायम ऱ्हाईल म्हून कल्याणच्या कचेरीत एक कागद करून घ्यावं म्हन्तो म्या." मला रागच आला. पदर सावरून उभी राहिले आणि म्हणाले, "कागद कशाला पाटील? म्या हाय की हितं." सगळी चावडी हसली आणि विषय मिटला.

मिटायलाच हवा होता. दुसरी गावं पाण्याची बोली कागदावर करत असतील, आपली दोन गावं लेक देऊन करतात. पाऊस संपल्यापासून वेळ अमावस्येपर्यंत ओढा सोनकेरीचा, तिथून पुढे तळवाडचा, आणि तुमची एक लेक इथे नांदते आहे तोवर त्यात कुणी बदल करायचा नाही. आधी चंद्रम्मा आत्या होती, आता मी आहे. गावातल्या म्हाताऱ्या मला पाण्याची जामीन म्हणतात. तुझे दाजीही म्हणतात, पण ते भांडण झालं की.

भिंत मजबूत घाल. दाजी स्वतः येणार आहेत, त्यांना मोरीच्या कामावर ठेव. त्यांचा हात चांगला आहे आणि तेवढेच दिवस मला घरात शांतता.

तुझी
नीली

तळवाड, कार्तिक शुद्ध दशमी

अण्णा,

दिवाळीचं माहेरपण अंगी लागलं. वहिनीने दिलेली साडी इथे सगळ्यांनी हात लावून पाहिली. भिंतीचं वर्णन करून करून माझं तोंड दुखलं. भिंतीमागे पाणी तुंबून आपल्या अप्पांच्या आंब्याच्या बुंध्याला लागलं आहे, हे इथे कुणाला खरं वाटत नाही. शेजारच्या नागूबाईंनी तर दोनदा विचारलं, "आन् त्यातलं आमचं किती?" मी म्हटलं, अर्धं. त्या म्हणाल्या, "मंग अजून एक म्हस घ्यावं की." आणि खरंच घेतली बघ. धोंडप्पानेही पानवेलीची नवी लागवड केली. दोघंही मला विचारून गेले.

एक गोष्ट निघताना विचारायची राहिली. भिंतीच्या कडेला पत्र्याच्या शेडात तू जे तेलाचं इंजिन बसवलं आहेस, ते किती पाणी उपसतं? अप्पांच्या वेळी ज्या माळावर करडई व्हायची, तिथे मी ऊस पाहिला. लढाईमुळे गुळाला भाव आला आहे हे मला कळतं, मी काही आंधळी नाही. पण करडई थंडीच्या दवावर निघते. उसाला वर्षभर पाणी लागतं, तो वेळ अमावस्येला थांबायचा नाही.

मी परसात विचारलं तेव्हा तू हसलास. "कामून काळजी करायलीस नीले? मोरी तर तुझ्यासाठीच ठिवलोय." मला बरं वाटलं. पण घरी आल्यावर हे वाक्य मी पुन्हापुन्हा आठवते आहे, हे काही बरं लक्षण नाही. एक ओळ लिही म्हणजे झोप लागेल.

तुझी
नीली

तळवाड, पौष शुद्ध प्रतिपदा

अण्णा,

तुझी तब्येत बरी आहे ना? वहिनी, पोरं? काहीतरी झालं असणार, म्हणून लगेच लिहिते आहे.

काल वेळ अमावस्या. तुझी ओळ आली होती, "दुपारपर्यंत पाणी पोचेल, उभी राहा." तीच मी सगळ्या गावाला सांगितली. शेताशेतात कडब्याच्या कोपी, पूजा, भज्जी, आंबील, सगळं नेहमीसारखं. जेवण उरकून आम्ही बायका ओढ्याच्या वाळूत उतरलो. मी पुढे, हळदीकुंकवाचं ताट घेऊन. नेहमी कसं होतं तुला माहीत नाही, कारण तू त्या टोकाला असतोस. आधी वाळूचा रंग बदलतो. मग पालापाचोळा सरकायला लागतो, आणि मग पाणी दिसतं. पोरं त्याच्या पुढे पळत पळत गावापर्यंत येतात.

काल वाळूचा रंग बदलला नाही. नागूबाई म्हणाल्या, "यील गं. तुझा भाव आंबील पिऊन जरा आडवा झाला आसंल." हशा झाला, मीही हसले. उन्हं उतरली, गुरं परतली, तेव्हा एकेक बाई आपापलं ताट उचलून निघून गेली. मला कुणी "चल" म्हटलं नाही. दाजी न्यायला आले तेव्हा मी एकटीच होते.

मी सगळ्यांना सांगितलं आहे की दट्ट्या फुगून अडकला असेल, नवं लाकूड आहे. मला तसंच वाटतं आहे. तसंच असेल तर लगेच कळव, दाजी सुताराला घेऊन येतील.

तुझी
नीली

तळवाड, पौष वद्य षष्ठी

अण्णा,

दट्ट्या अडकला नव्हता.

दाजी जाऊन आले. येऊन ओसरीवर बसले. मग म्हणाले, "मोरी बुजीवलाय." मला वाटलं गाळाने बुजली. ते म्हणाले, "गाळानं न्हाई. दगड-चुन्यानं. चुना अजून वला हाय." ज्या मोरीचा एकेक दगड त्यांनी चैत्राच्या उन्हात घडवला, त्याच मोरीत तू दगड ठोकून घेतलेस. आणि ते पाहून झाल्यावर त्यांना ताक विचारलंस.

तू त्यांना काय म्हणालास तेही त्यांनी सांगितलं, शब्द न चुकवता. "दाजी, पानी वाळूत घालवायचं दिवस गेलं बघा. सरकारची परवानगी हाय मला. पर नीलीला म्या काय कमी पडू देत न्हाई." ताक त्यांनी घेतलं नाही. एवढं एक बरं केलं.

वाळूत गेलेलं पाणी वाया जातं असं तुला कुणी सांगितलं? इंजिन विकणाऱ्याने? आमच्या विहिरी त्याच पाण्यावर आहेत. ओढा वाहिला की वाळू पिते आणि वाळूतून विहिरींना पाझरतं. हे तुला ठाऊक आहे. लहानपणी आपण दोघं उन्हाळ्यात इथे आत्याकडे यायचो तेव्हा वाळूत हाताने झिरा उकरायचो, कोपरापर्यंत हात गेला की ओंजळ भरायची. आता पौषातच माणूस उभा बुडेल एवढा खड्डा खणावा लागतो आणि त्यात घागर भरायला बायका रांगेने बसतात.

त्याच रांगेसमोरून परवा तुझी गाडी आली. दोन पिपं पाण्याने भरलेली, वर ओली पोती. गाडीवान मोठ्याने विचारत आला, "नीलम्माक्काचं घर कोन्तं? सोनकेरीच्या सावकारानं भैनीला पानी धाडलाय." रांगेतल्या बायकांनी घागरी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. नागूबाई तेवढ्या म्हणाल्या, "भाव लई माया करतोय तुझ्यावर, अक्का." त्यांनी शिवी दिली असती तर मी त्यांच्याशी भांडले तरी असते.

गाडी मी दारात उभी राहू दिली नाही. देवळामागच्या गुरांच्या डोणीत दोन्ही पिपं ओतायला लावली. गुरं धावत आली, तोंड लावलं आणि मागे सरली. पाण्याला इंजिनच्या तेलाचा वास होता.

अण्णा, तू मला विकत घ्यायला निघालास, तेही त्या पाण्यावर, जे आधीच आमचं होतं. मला याचा संताप आला आहे. मोरी उघड. चुना वाळायच्या आत उघडलीस तर मी गावाला सांगेन की गवंड्याची चूक होती. तुझ्यासाठी एवढं खोटं मी बोलेन.

नीली

तळवाड, माघ वद्य चतुर्थी

अण्णा,

तू उत्तर पाठवलं नाहीस, वकील पाठवलास. चांगला गोड बोलणारा आहे. ओसरीवर बसून मला "बहेनजी" म्हणाला. आमच्या शेतात तू स्वखर्चाने विहीर खणून देणार, खडक लागला तर सुरुंग लावून फोडणार, वर लहान इंजिनही बसवणार. बदल्यात मी काहीच करायचं नाही. फक्त किशनराव पाटलांनी कल्याणच्या कचेरीत तुझ्याविरुद्ध जी अर्जी दिली आहे, तिच्या चौकशीत कुणी विचारलं तर सांगायचं, की ती मोरी बांधकाम चालू असताना पाणी काढून द्यायला ठेवली होती, काम संपल्यावर बुजवायचीच होती. "इतनीसी बात है," म्हणाला.

दाजी आत होते. वकील गेल्यावर बाहेर आले. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "हीर झाली तर पोरांचं भलं हुईल." मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्या नुस्तं बोललो. तुझ्या मनावर हाय." या माणसाला मी कधी चांगलं म्हटलं नाही, आज तुला लिहून सांगते, माझा नवरा चांगला आहे. पण मनात आलं ते त्यांनाही लपवता आलं नाही. तू एकट्या मोरीत दगड घातला नाहीस, आमच्या घरातही घातलास.

विहीर कुठे खणणार होतास? आमचं शेत ओढ्याच्या काठाला आहे. गावच्या पिण्याच्या आडाच्या अगदी वर. त्या आडात उरलंसुरलं पाझरतं ते माझ्या विहिरीने ओढून घेतलं असतं. तू सोनकेरीत बसून आमच्याशी जे केलंस, ते मी इथे बसून माझ्या शेजारणींशी करायचं, अशी तुझी योजना. मग तुला बोलायला मला तोंड उरलं नसतं. हुशार आहेस. अप्पा नेहमी म्हणायचे, रेवण हुशार आहे.

इथलं ऐक. धोंडप्पाच्या पानवेली खालून वरपर्यंत पिवळ्या पडल्या. त्याने काल उपटून बांधावर टाकल्या. मी समोरून गेले तर त्याने रामराम केला, पूर्वी "अक्का" म्हणायचा. नागूबाईंनी दोन्ही म्हशी कल्याणच्या बाजारात नेल्या. जाताना माझ्या दारात थांबून म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर घेतली होती गं बाई." राग नव्हता आवाजात. मी पाणी प्यायला दिलं, ते मात्र प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तुलाच लागंल."

वकिलाला मी काय उत्तर दिलं ते त्याने सांगितलंच असेल. विहीर नको.

नीलम्मा

तळवाड, फाल्गुन शुद्ध एकादशी

अण्णा,

तू कचेरीत दिलेला जबाब किशनराव पाटील ऐकून आले. मुन्शीने वाचून दाखवला. बाकीचं सगळं मी समजू शकते. परवानगी तुझी आहे, भिंत तुझ्या जमिनीला लागून आहे, तळवाडच्या लोकांनी म्हणे मजुरीने काम केलं. मजुरी कुणी घेतली हे तू देवाला सांग. पण पुढचं वाक्य पाटलांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. "तळवाडशी पाण्याची बोली कधीच नव्हती. बहीण तिथे दिली, ती निव्वळ सोयरीक म्हणून."

निव्वळ सोयरीक.

मग मला इथे कशाला दिलं रे? चंद्रम्मा आत्या गेली तेव्हा मी तुझ्या पाटीवर शिकत होते. अप्पांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर शिकवलं, तू खेळायला पळायचास आणि तुझी उजळणी मी लिहायची. मला कल्याणला मावशीकडे ठेवून पुढे शिकवायचं ठरलं होतं, माझं गाठोडंही बांधून झालं होतं. मग तळवाडचे लोक आले. आत्या गेल्यावर पाण्याला कुणी राहिलं नाही, म्हणाले. अप्पा आत येऊन माझ्याजवळ बसले. त्यांनी मला समजावलं नाही, नुसतं विचारलं, "बाळ, म्या आता कुनाच्या तोंडाकडं बघून पानी सोडू?" तू दाराशी उभा होतास. तू ऐकलंस. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं, आणि वरातीत पुढे तूच चालत होतास.

मी कधी तक्रार केली नाही. खरं सांगू, मला त्याचा गर्व होता. दरसाल वाळूत उभी राहिले की वाटायचं, दोन गावं माझ्या जिवावर एकमेकांवर विश्वास ठेवतात, शिकून तरी आणखी काय मिळालं असतं. आज तू चार माणसांसमोर लिहून दिलंस की तसं काही नव्हतंच. म्हणजे माझा सगळा जन्म एका गैरसमजावर गेला. तू पाणी अडवलंस त्याचं मला जेवढं लागलं, त्याहून हे जास्त लागलं. पाणी तू लोभाने अडवलंस, माणूस लोभी असतो. हे तू विचार करून लिहिलंस.

नीलम्मा

तळवाड, चैत्र शुद्ध नवमी, शके १८६७

अण्णा,

वहिनीने काल माणूस पाठवला होता. निरोप असा, "अक्का, भावाचं घर ऱ्हाईल आसं बोला. ऊस वाळला तर आमी बुडतो." वहिनीचा मला राग नाही. ती घाबरली आहे हे दिसतं. तिला सांग, मी घरावर उठलेली नाही. मोरी उघडली तरी तुझा अर्धा ऊस जगेल. पूर्वीही अर्ध्यातच भागत होतं, आणि सोनकेरी काही उपाशी नव्हती.

चौकशी येत्या बुधवारी आहे. आमच्या बाजूने दाखवायला कागद नाही. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं तेव्हा पाटलांनी खरं तेच सांगितलं, की कागद करायचा होता, पण आमच्यातली एक बाई उठून म्हणाली, मी आहे. साहेब म्हणे हसले आणि म्हणाले, मग त्या बाईचं बयान घ्या. मुन्शीने कळवलं होतं की घरंदाज बाई आहे, बयान घ्यायला आम्हीच तळवाडला येऊ. मी उलट निरोप दिला की मीच येते. तू तिथे असशील, मला तुझ्यासमोर बोलायचं आहे.

दाजी गाडी जुंपणार आहेत. पाटील, धोंडप्पा येणार. नागूबाईही येते म्हणाल्या. मी विचारलं, तुमचं तिथे काय काम? तर म्हणाल्या, "तू एकटी कामून जायलीस म्हून." इतक्या दिवसांत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. मी आत जाऊन रडले.

काय सांगणार ते तुला आधीच कळवते, नंतर म्हणू नकोस की पाठीमागून वार केला. बोली होती. अप्पांनी पाळली, अप्पांच्या वडिलांनी पाळली, भिंत उभी राहीपर्यंत तूही पाळलीस. मोरी कायमची म्हणून ठेवली होती, माझ्या नवऱ्याने ती घडवली. दिवाळीत तू मला परसात काय म्हणालास ते सांगेन. पिपं आली ते सांगेन. विहीर देत होतास ते सांगेन.

बुधवारच्या आत तू मोरीतला दगड काढलास, तर ओढ्याचं पाणी वाळूतून मला आधी दिसेल आणि मी गाडीचे बैल सोडायला लावेन. पुन्हा या गोष्टीचा शब्द काढणार नाही. वाट बघेन असं लिहिणार होते, पण आता वाट बघायची मला भीती वाटते.

मुन्शीने रीत समजावून सांगितली आहे. आधी हलफ, म्हणजे शपथ घ्यायची. मग माझं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. मग तुझ्याकडे बोट करून विचारतील, हा माणूस तुमचा कोण. तिथे मला म्हणावं लागेल, माझा सख्खा भाऊ. त्याच्या पुढचं सगळं मी न अडखळता सांगेन.

नीलम्मा